एक फूट खोलीवरचे ऊन

रविवार, १२ फेब्रुवारी २०५१. सकाळी आठ वाजून पंचवीस मिनिटांनी वेणूच्या मनगटपट्टीवर एक आकडा उमटला: एकतीस अंश. संवेदक क्रमांक एक.

वेणू पोहे खात होती. तिने आकडा पाहिला आणि तो चुकीचा आहे असे ठरवून टाकले.

असे ठरवायला कारण होते. माण तालुक्यातल्या कुरणेवाडीच्या माळावर तिच्या आजोबांचे प्रयोगाचे रान होते. त्या वीस गुंठ्यांत एक फूट खोलीवर बारा संवेदक (मातीचे तापमान आणि ओल मोजून कळवणारी पेन्सिलीएवढी यंत्रे) पुरलेले होते. फेब्रुवारीत एवढ्या खोलीवर माती पंचवीस अंशांच्या आसपास असते. दिवस असो की रात्र, त्यात फारसा फरक पडत नाही, कारण वरची माती गोधडीसारखे काम करते. ऊन वरच अडते. मग जमिनीच्या पोटात एकाएकी ऊन कुठून आले?

‘बिघडला असेल,’ असे म्हणून तिने पोहे संपवले. आठ पन्नासला दुसऱ्या संवेदकाने तेहतीस अंश कळवले. सव्वानऊला तिसऱ्याने छत्तीस.

एक यंत्र बिघडू शकते. तीन यंत्रे, एका रांगेत, पूर्वेकडून पश्चिमेकडे, बरोबर पंचवीस-पंचवीस मिनिटांनी बिघडत नाहीत. वेणूने रानाचा नकाशा उघडला. दर दोन ओळींमागे एक संवेदक. म्हणजे रानात काहीतरी ओळीने पुढे सरकत होते. आणि एक फूट खोलीवरच्या मातीला ऊन लागत होते, याचा अर्थ एकच होता. ती माती आता एक फूट खोलीवर राहिलेली नव्हती.

कोणीतरी रान खणत होते.

तिने अंगणात पाहिले. आजोबांची खुर्ची रिकामी होती.

वेणू अकरा वर्षांची होती. आई, म्हणजे वृंदा (ती आजोबांना आण्णा म्हणे), सकाळी दहिवडीला आजोबांची औषधे आणायला गेली होती. जाताना म्हणाली होती, “आजोबांकडे लक्ष ठेव.” वेणूने साडेसातला त्यांना गोमबरोबर फाटकाबाहेर जाताना पाहिले होते. गोम म्हणजे शेतावरचे बारा पायांचे यंत्र. मातीचे नमुने काढायला त्याला दोन खणते हात होते. गोम सोबत असला की आजोबा वाट चुकत नसत, म्हणून ती निर्धास्त राहिली होती.

ती धावत सुटली. वाटेत चौथा आकडा आला; उघडी माती तापायला वेळ लागतो, म्हणजे खणणे त्याच्याही पुढे गेले असणार.

आजोबा रानात अकराव्या ओळीत उकिडवे बसले होते. डॉ. भगवंत काळेल, वय चौऱ्याहत्तर, वनस्पतिशास्त्रज्ञ. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. गोम पुढे सरकत एकेक बुडखा उपटत होता. आजोबा तो उचलत, दुसऱ्या बुडख्यावर आपटून माती झटकत आणि ढिगावर ठेवत. अकरा ओळी, अकरा ढीग. ढीग अतिशय नीट रचलेले होते.

“आक्के, आलीस?” आजोबा हसले. “बघ, निम्मं रान साफ केलं. आई बाजारावरनं यायच्या आत सगळं हुईल.”

आक्का ही त्यांची थोरली बहीण. तिला जाऊन वीस वर्षे झाली होती.

“आजोबा, थांबा! गोम, थांब! थांब म्हणते ना!”

“तुझी आज्ञा डॉक्टरांच्या आज्ञेनंतर येते,” गोम म्हणाला आणि पुढचा बुडखा उपटला.

“आजोबा, त्याला थांबवा!”

“का गं? धसकटं वेचायला नकोत?”

धसकट म्हणजे कापणीनंतर जमिनीत उरणारा बुडखा. ज्वारीचे रान कापले की माणदेशात घरातले सगळे मिळून धसकटे वेचतात, माती झटकून ढीग लावतात आणि मग नांगरट करतात. ती राहिली तर पुढची पेरणी धड होत नाही. आजोबांनी लहानपणी हे काम आईबरोबर आणि आक्काबरोबर दर वर्षी केले होते. गेली दोन वर्षे त्यांना स्मृतिभ्रंश (मेंदूच्या पेशी हळूहळू मरत जाऊन आठवण पुसट होण्याचा आजार) होता. त्यात नवीन आठवणी आधी जातात आणि जुन्या मागे राहतात. अठरा वर्षांचे संशोधन त्यांच्या हातून सुटत चालले होते. धसकटे कशी झटकायची ते मात्र हातांना पक्के ठाऊक होते.

“ही ज्वारी नाही!” वेणू ओरडली. “तुमची सूर्यफुलं आहेत ही! तुमचं सगळं काम उपटलंत तुम्ही!”

आजोबांचे हात थांबले. ते उभे राहिले, दोन पावले मागे सरकले आणि गोमच्या आडोशाला गेले. ओरडणाऱ्या अनोळखी माणसापासून कोणी सरकावे, तसे.

“बरं बाई,” ते हळूच म्हणाले. “गोम, राहू दे. ह्यांचं रान दिसतंय.”

गोम थांबला. दहा वाजायला पाच मिनिटे होती.

वेणूला रडायला आले, पण रडायला वेळ नव्हता, आणि तेवढे तिला कळत होते. ढिगांवर ऊन पडले होते.

आता या झाडांविषयी थोडे सांगायला हवे. आपण तेलासाठी पेरतो ते सूर्यफूल वार्षिक असते (एकाच हंगामात उगवून, बी देऊन मरणारे). पानांनी तयार केलेले बहुतेक सगळे अन्न ते बियांत ओतते आणि वाळते. त्याच्या मुळांत काही उरत नाही. पण उत्तर अमेरिकेच्या विस्तीर्ण गवताळ माळांवर त्याचे एक चिवट भावंड आहे: मॅक्सिमिलियन सूर्यफूल. ते बहुवर्षायू असते (एकदा रुजले की अनेक वर्षे जगणारे). फुले झाली की ते आपल्या अन्नाचा मोठा वाटा खाली पाठवते. खोड जिथे मुळांना मिळते तिथल्या जाड गड्ड्यात तो इन्युलिनच्या (साखरेच्या साखळ्यांपासून बनलेल्या एका साठवणीच्या पदार्थाच्या) रूपात राहतो. वरचे खोड वाळते. खाली गड्डा आणि त्यावरचे डोळे झोपतात. हंगाम आला की डोळे फुटतात आणि उसाच्या खोडव्यासारखे तेच झाड पुन्हा वर येते.

तिकडे ते बर्फात झोपते. आजोबांनी त्याला माणच्या उन्हाळ्यात झोपायला शिकवले होते. म्हणजे काय, तर दर वर्षी शेकडो झाडांतून कोरड्या मातीत तगणारी आणि जास्त बी देणारी झाडे निवडायची, त्यांचा आपसांत संकर करायचा आणि पुन्हा निवडायची. असे अठरा वर्षे. रान नांगरायचे नाही म्हणून माती वाहून जात नाही. मुळे दहा फूट खाली जातात म्हणून दुष्काळात पहिले हिरवे पान याच झाडाला येते. बियांचे तेल निघते, पाला मेंढ्या आवडीने खातात, आणि इतर फुले संपल्यावर मधमाश्यांना हीच उरतात. पावसाळ्यानंतर पाहणीसाठी एक समिती येणार होती. समितीला रान पसंत पडले, तर चाळीस गावांच्या उघड्या माळांवर ही झाडे लागणार होती.

निवडलेली झाडे पहिल्या अकरा ओळींत होती. पुढच्या तेरा ओळी तुलनेसाठी लावलेल्या जुन्या, रानटी झाडांच्या. आजोबांनी पूर्वेकडून सुरुवात केली होती.

आई दहा वाजून दहा मिनिटांनी आली. तिने ढीग पाहिले, आजोबांना पाहिले आणि क्षणभर बांधावर बसली.

“बी आहे ना आपल्याकडे?” वेणूने विचारले. “पुन्हा पेरू.”

“बी म्हणजे तेच झाड नसतं, वेणू. मधमाशी एका झाडाचा पराग दुसऱ्यावर नेते. बी दोघांचं मिश्रण असतं. तू जशी माझी आणि बाबांची, पण तू म्हणजे मी नाहीस. अठरा वर्षांची निवड जशीच्या तशी फक्त त्या गड्ड्यांत आहे.”

“दुसरीकडे कुठंच लावली नाहीत?”

“लावायची होती. आण्णांनी मागच्या वर्षी मला सांगितलं होतं, दुसऱ्या जागेसाठी पत्र पाठवलंय म्हणून; त्यांच्या लक्षातून राहिलं असणार. मी विचारलं नाही पुन्हा.” ती उठली. “गड्डे जिवंत असतील अजून. चल.”

वेणूने बादलीत पाणी आणले आणि पहिला ढीग त्यात बुडवायला घेतला. तेवढ्यात बांधावरून आवाज आला.

“अगं ए पोरी! लोणचं घालतीस काय त्यांचं?”

शेजारच्या मळ्यातल्या तुळसाक्का होत्या. त्यांचे माहेर वाईकडचे. त्या कमरेवर हात ठेवून ढिगांकडे बघत होत्या.

“वाळतायत ना, तुळसाक्का!”

“वाळतील न्हाईतर कुजतील, दोन्ही सारखंच. एवढ्या जखमा झाल्यात, पाणी आत शिरलं की सडलंच समज. आमच्याकडं हळदीचं बेणं कसं ठेवत्यात? सावलीत, दमट वाळूत, वरनं पाला. ओल हवी, पाणी नको. बघतीस काय, गोणपाट आण!”

हे शास्त्राला धरूनच होते. झोपलेल्या गड्ड्याला पाणी पिता येत नाही, कारण पाणी ओढणारी बारीक मुळे माती झटकताना तुटलेली असतात. त्याला हवे असते ते एवढेच, की आतली ओल बाहेर जाऊ नये आणि हवा मिळत राहावी.

चौघांनी मिळून काम केले. चौथा गोम. एक तरी मोठे मूळ उरलेला गड्डा ओळीच्या क्रमाने वेगळा ठेवायचा. बाजूचे टोक नखाएवढे कापून बघायचे. आतून पांढरे आणि ओलसर दिसले तर जिवंत, तपकिरी आणि भुसभुशीत दिसले तर मेलेला. दुपारी अडीच वाजता शेवटचा गड्डा गोठ्यातल्या दमट वाळूत निजला. चारशे चाळीसपैकी तीनशे एकाहत्तर जिवंत होते.

सर्वांत जास्त मेलेले गड्डे पहिल्या दोन ओळींतले होते. ते सर्वांत जास्त वेळ उन्हात होते. वेणूने हिशेब केला. पहिल्या आकड्याला ती उठली असती, तर पाचव्या ओळीपुढे काही गेले नसते. हे तिने आईला सांगितले.

“मी यंत्र बिघडलं म्हणून पोहे खात बसले.”

 आईने गोमला विचारले, “सकाळी तू आण्णांना काय विचारलंस?”

गोमने नोंद वाचली. “मी म्हणालो, डॉक्टर, हे रान न खणण्याचं आहे. खणू का? डॉक्टर म्हणाले, अरे, बी काढलं की धसकटं काढायलाच हवीत. खण. त्यांची आज्ञा पहिल्या क्रमांकाची आहे.”

“पहिल्या क्रमांकावरून त्यांचं नाव काढ, असं मला डॉक्टरांनी, म्हणजे दवाखान्यातल्या, दोन वेळा सांगितलं होतं,” आई वेणूला म्हणाली. “मला ते करवलं नाही. तू एक तास उशीर केलास. मी एक वर्ष केला.”

तिने मनगटपट्टी पुढे केली. नाव काढायला अकरा सेकंद लागले.

संध्याकाळी आजोबा गोठ्यात आले. सकाळचे काही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हते. ते वाळूच्या वाफ्यापाशी वाकले, खुणेची चिठ्ठी पाहिली, कापलेला गड्डा उचलला, चष्मा वर करून त्याचे डोळे न्याहाळले. आवाज बदलला. तो वेणूच्या ओळखीचा, जुना आवाज होता.

“वृंदा, ही सातवी ओळ आहे. हे गड्डे बाहेर का?”

आई दारात उभी होती. ती म्हणाली, “रानडुकरं आली होती, आण्णा. रात्री.”

वेणूने आईकडे पाहिले. आईने मान किंचित हलवली: बोलू नकोस.

आजोबांनी गड्डा फिरवून पाहिला. दुसरा उचलला. तिसरा.

“डुक्कर गड्डा खातं,” ते सावकाश म्हणाले. “यांवर दाताची एकही खूण नाही. आणि डुक्कर माती झटकत नाही.”

 त्यांनी गड्डा वाळूत होता तसा ठेवला. मग आपले हात समोर धरले. नखांत माती होती, तळहातावर दोन ताजे फोड होते. त्यांनी ते हात बराच वेळ पाहिले. शेवटी पाठीमागे घेतले.

“किती वाचतील?” त्यांनी विचारले.

“तीनशेच्या वर,” वेणू म्हणाली. “आजोबा, मी सकाळी ओरडले तुमच्यावर.”

“बरोबर केलंस.”

एवढेच ते बोलले. जेवले नाहीत. सकाळी उठले तेव्हा त्यांना यातले काहीच आठवत नव्हते. आई म्हणाली की आजारात एवढी एक दया असते. वेणूला ती दया वाटली नाही. त्यांना कळले होते आणि कळलेले पुसले गेले होते, आणि पुन्हा कधी कळेल ते कोणालाच सांगता येत नव्हते.

तिने एकदा गोमला विचारले, “झाडाचा वरचा भाग वाळला तरी खाली गड्डा असतो. माणसाच्या मेंदूला असं काही असतं का? खाली ठेवलेलं?”

“नाही,” गोम म्हणाला. “मेलेल्या पेशींच्या जागी ते सगळं पुन्हा फुटत नाही.”

ती तिथून निघून गेली. दोन दिवस ती गोमशी बोलली नाही. पण त्याने खोटे सांगितले असते, तर तिला ते जास्त लागले असते.

उन्हाळाभर आई आणि वेणू आठवड्यातून दोनदा वाळू तपासत. बुरशी दिसली की गड्डा बाजूला. जूनमध्ये तीनशे दोन उरले. जमिनीत ओल खोल उतरल्यावर त्यांनी ते लावले. निम्मे त्याच रानात, आणि निम्मे तुळसाक्कांच्या मळ्याच्या वरच्या अंगाला. दुसरी जागा आता राहून जाणार नव्हती.

जुलैच्या चौथ्या दिवशी सातव्या ओळीत पहिली फूट दिसली. महिनाअखेर दोनशे त्रेसष्ट झाडे उभी होती. फुटलेली झाडे नवीन नव्हती, तीच होती. एवढे मात्र खरे, की त्यांची दहा फूट खोल मुळे खाली तुटून राहिली होती, आणि ती खोली पुन्हा गाठायला तीन-चार वर्षे लागणार होती. पावसाळ्यानंतर समितीने येऊन पाहिले आणि चाळीस गावांचा निर्णय तीन वर्षांनी पुढे ढकलला. आईने पत्र दोनदा वाचले आणि घडी घालून ठेवले. “नाही म्हणाले नाहीत,” ती म्हणाली.

नोव्हेंबरमध्ये फुले आली. पुरुषभर उंच दांड्यांना खालपासून वरपर्यंत पिवळी फुले लगडली. वेणू रोज शाळेतून आल्यावर आजोबांना रानात नेऊ लागली. त्यांना चालताना आता तिचा खांदा लागे. कधी ती वेणू असे, कधी आक्का, कधी नुसती “बाई”. ती दुरुस्त करत नसे.

“कसलं पीक हे?” ते दर वेळी विचारत.

आणि वेणू दर वेळी पहिल्यापासून सांगे. हे सूर्यफूल मरत नाही, झोपते. बी थोडे कमी देते, कारण काही अन्न खाली ठेवते. खाली ठेवते म्हणून दर वर्षी नांगरायला, पेरायला लागत नाही. नांगरत नाही म्हणून माती जागेवर राहते. सुरुवातीला तिला हे पाठ केल्यासारखे येई. पुढे पुढे सांगताना तिलाच मधल्या अडचणी दिसू लागल्या आणि त्या सोडवूनच पुढे जावे लागे, कारण आजोबा एकही पायरी गाळू देत नसत.

एका दुपारी सगळे ऐकून झाल्यावर ते पानाच्या मागे बोट फिरवू लागले.

“ज्वारी कापली, रान मोकळं झालं, की तिच्यावरच्या किडीला राहायला घर नाही,” ते म्हणाले. “ती उपाशी मरते. हे झाड तर हलतच नाही. पाच वर्षं, दहा वर्षं एकाच जागी. मग त्याची कीड कुठं जाईल?”

  आईच्या टिपणांत, गोमच्या नोंदींत, कुठेच हा प्रश्न वेणूने पाहिला नव्हता.

“माहीत नाही, आजोबा.”

“मग लिही. आणि कीड मोजायला आतापासूनच लाग, कमी आहे तोवर.”

तिने वही काढली आणि झाडाला टेकून शब्दन्‌शब्द लिहून घेतले. तारीख घातली.

दुसऱ्या दिवशी त्यांना प्रश्न आठवत नव्हता. वेणूने तो वाचून दाखवला. आजोबांनी मान तिरपी करून ऐकला, पुन्हा एकदा वाचायला सांगितला.

“चांगला आहे,” ते म्हणाले. “कोणी विचारला?”

तिने सांगितले. मग दोघे भिंग घेऊन सातव्या ओळीकडे गेले आणि पहिल्या झाडाच्या पहिल्या पानापासून कीड मोजायला बसले.